आधी वह्या एकत्र करा, पाट्या नंतर बदला

मंडळी, न्यूझीलंडच्या सरकारी आरोग्यसेवेची फेररचना हा आजचा विषय. समोर परिचारिकाही दिसतायत आणि हिशेब ठेवणारेही, याचा आनंद आहे. कारण माझं म्हणणं दोघांशीही निगडित आहे. कारभार एकत्र करायचा तर आधी वह्या एकत्र करा, कार्यालयांच्या पाट्या नंतर बदला.

इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. १९९३मध्ये बाजाराचं वारं आलं. चार प्रादेशिक संस्था सेवा विकत घेणार, २३ सरकारी कंपन्या रुग्णालयं चालवून त्या सेवा विकणार. दशकभरही टिकलं नाही. २००१पासून जिल्हा आरोग्य मंडळं आली, पुढे ती वीस उरली. सरकारने नेमलेल्या हेदर सिम्पसन यांच्या समितीने २०२०मध्ये सुचवलं, आठ ते बारा मंडळं ठेवा. सरकारने १ जुलै २०२२ला थेट एकच संस्था केली, 'ते फातू ओरा'. कल्पना चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण वीस चुली एका छपराखाली आणल्या आणि शिधा कोण मोजतंय हे कुणी पाहिलंच नाही.

डेलॉइट या हिशेबतपासणी करणाऱ्या कंपनीचा या संस्थेवरचा अहवाल २०२५मध्ये बाहेर आला, तो वाचून मी अस्वस्थ झालो. सुमारे २८ अब्ज डॉलरच्या खर्चावर लक्ष ठेवायला संस्थेची मुख्य फाइल कोणती होती? एक्सेलची एक फाइल! हसताय, हसा, पण पुढचं ऐका. आकडे हाताने भरलेले, ते कुठून आले याचा माग नाही. एखादं शून्य सुटलं तरी कळायची सोय नाही. जिल्ह्याने मागच्या महिन्याचा आकडा दुरुस्त केला, तरी ती दुरुस्ती मुख्य फाइलमध्ये उतरत नसे. महिन्याचे आकडे जुळवायला १२ ते १५ दिवस, अर्थ लावायला आणखी पाच. म्हणजे गळती कुठे आहे हे कळेपर्यंत पुढचा महिना सरत आलेला. जुलै २०२४मध्ये सरकारने सांगितलं, दरमहा सुमारे १३ कोटी डॉलर जादा खर्च होतोय. संस्थेचं संचालक मंडळ गेलं, त्याच्या जागी लेस्टर लेव्ही आयुक्त म्हणून आले. त्याआधीच नोकरभरतीवर लगाम लागला होता. घोळ वहीत आणि ताण वॉर्डात!

पश्चिम किनाऱ्यावरचं ग्रेमाउथ हे छोटं गाव डोळ्यांसमोर आणा. मोठं रुग्णालय ख्राइस्टचर्चला, न्यूझीलंडच्याच सदर्न आल्प्स डोंगररांगेच्या पलीकडे. पेशंट हलवायचा तर घाटरस्ता किंवा हेलिकॉप्टर, आणि हवा बिघडली की तेही नाही. तिथली परिचारिकेची रिकामी जागा भरायची की नाही, हे राजधानी वेलिंग्टनने का ठरवावं?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, मुख्य मुद्दा आता भरभर सांगतो. जे सगळीकडे सारखंच असतं ते केंद्राकडे द्या. औषधांच्या किमतींची घासाघीस १९९३पासून फार्मॅक ही सरकारी संस्था देशभरासाठी करते आणि ते उत्तम चालतं. पगार, हिशेब, पेशंटच्या नोंदी याच वाटेने जाव्यात. भरती, पाळ्या, खाटा मात्र रुग्णालयाकडे, बजेटसकट.

माओरींसाठीची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठीची, 'ते आका वाई ओरा' ही आरोग्यसंस्था दोन वर्षांतच बंद केली. माओरींचं सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे सात वर्षांनी कमी आहे, त्याला आता जबाबदार कोण? ज्याच्याकडे ही जबाबदारी द्याल, त्याला निधीही वेगळा द्या.

आणि प्रत्येक जिल्ह्याचा जमाखर्च पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत लोकांसमोर मांडा. बाकीचं चहाच्या वेळी बोलू, हिशेबवाल्यांनी जरूर थांबावं.