अंबाडा, ओबी आणि उसने पैसे

श्रोतेहो, नमस्कार. गेइशा म्हणजे नाच-गाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या जपानी कलावंतिणी. त्यांच्यावरचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना रॉब मार्शल यांचा २००५ सालचा ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’च आठवतो. कला दिग्दर्शन, छायाचित्रण आणि वेशभूषा अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली. क्योतोची गल्ली मात्र उभारली कॅलिफोर्नियात, आणि मुख्य भूमिकांत झांग झियी, गाँग ली या चिनी अभिनेत्री. त्यावरून वाद पुष्कळ झाला. आज तो बाजूला ठेवू, कारण खरी गफलत नाचात आहे.

नायिकेचा बर्फातला नाच नीट पाहा. ती माइको आहे, म्हणजे क्योतोतली शिकाऊ गेइशा. केस मोकळे, पायांत उंचच उंच खडावा, अंग मागे झोकून दिलेलं. आता माइकोचे केस असतात स्वतःचेच. मेण लावून, विंचरून बांधलेला अंबाडा आठवडाभर टिकवायचा, म्हणून ती उंच, अरुंद उशीवर मान टेकून झोपते. डोकं घसरलं की अंबाडा मोडला! ते केस सोडून ती नाचेल कशाला? ओकोबो नावाच्या उंच खडावा खऱ्याच, पण त्या रस्त्यावर घालायच्या. नाचताना पायांत पांढरे ताबी मोजे. क्योतोतल्या गिओन कोबू या गेइशांच्या वस्तीत इनोउए घराण्याचाच नाच शिकवतात. कंबर खाली, गुडघे किंचित वाकलेले, हालचाल इतकी मोजकी की सगळी भिस्त नजरेवर आणि पंख्यावर. १८७२ साली सुरू झालेल्या ‘मियाको ओदोरी’ या तिथल्या नृत्याच्या कार्यक्रमात हाच नाच असतो.

रंगभूषेचंही एक तंत्र आहे. बिंत्सुके नावाचं मेण तळहातावर चोळून मऊ करायचं आणि चेहरा, मान, पाठीचा वरचा भाग यांवर पातळ थर द्यायचा. त्यावर पाण्यात कालवलेली पांढरी पूड चपट्या कुंचल्याने, आणि लगेच स्पंजाने टिपणं. मेण कमीजास्त लागलं की पांढरा रंग डागाळलेला दिसतो. मानेवर मागे दोन टोकदार पट्टे कोरे सोडतात, खास समारंभाला तीन. नव्या माइकोचा फक्त खालचा ओठ लाल. पाठीवर लोंबणारा ओबी, म्हणजे किमोनोवरचा कमरपट्टा, साधारण सहावारी साडीएवढा लांब. तो आवळायला ओतोकोशी नावाचा पुरुष येतो. चित्रात ओबीची गाठ पोटावर दिसली, तर ती बहुधा गेइशा नसून ओइरान, म्हणजे जुन्या काळची गणिका. परदेशी डोळ्यांची या दोघींत हमखास गल्लत होते.

हे सगळं कुणाच्या पैशांवर चालतं, ते बघायचं तर केंजी मिझोगुची यांचा १९५३ सालचा ‘गिओन बायाशी’ पाहा. एइको नावाच्या मुलीला माइको व्हायचंय. पदार्पणाच्या किमोनोंसाठी तिला शिकवणारी मियोहारू ही गेइशा चहागृहाच्या, म्हणजे गेइशांना बैठकींना बोलावणाऱ्या जागेच्या, मालकिणीकडून पैसे उसने घेते. ते मुळात एका धनिकाचे असतात, हे तिला नंतर कळतं. तो अंगचटीला येतो, एइको त्याला कडकडून चावते, आणि मालकीण दोघींची बोलावणी बंद करून टाकते. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. नुसता फोन येईनासा होतो.

शेवटी मियोहारू झुकते, आणि एइकोला सांगते, तुझी ‘दान्ना’ मीच होईन. दान्ना म्हणजे खर्च उचलणारा आश्रयदाता, जो एरवी पुरुष असतो. मग दोघी नटूनथटून संध्याकाळच्या गल्लीतून कामाला निघतात.