कापलेली वायर, खरवडलेला सोफा : घरातल्या सशाचा माग

[दृश्य : फ्लॅटची बैठकीची खोली. कॅमेरा फरशीपासून वीतभर उंचीवर.]

तिन्हीसांज झाली आहे. दिवसभर दिवाणाखाली पसरलेला ससा आता बाहेर आला. अंग ताणलं, नाक हलवलं आणि निघाला थेट टीव्हीच्या मागे. सशाचा खरा उत्साह पहाटे आणि संध्याकाळी. घरातली मोडतोडही बहुतेक याच वेळी होते. पहाटे माणसं झोपेत असतात आणि संध्याकाळी दमून घरी आलेली असतात.

ससा घरात मोकळा ठेवायचा, तर आधी त्याने केलेलं नुकसान नीट बघायला शिकावं लागतं. काय कुरतडलं, कुठे, कोणत्या वेळी? उपाय त्यावर ठरतो.

[दृश्य : मोबाइलच्या चार्जरची कापलेली वायर, जवळून.]

हे टोक बघा. कात्रीनं छाटल्यासारखं साफ. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. वरच्या दोन पुढच्या दातांमागे आणखी दोन छोटे दात असतात, म्हणूनच ससा उंदीर-घुशींच्या गटात मोडत नाही. बिळात राहणाऱ्या प्राण्याला वाटेत आडवी आलेली मुळी छाटून पुढे जावं लागतं. जमिनीलगत लोंबणारी वायर त्याच्या लेखी तशीच एक मुळी. त्यातून त्याला नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. तिथे तो ओठांनी आणि मिशांनी चाचपतो, आणि चाचपता चाचपता चावतो.

वायरीच्या बाबतीत शिकवणी लागू पडत नाही. एक चावा पुरतो. चालू वायर असेल तर तोंड भाजतं, जीवही जातो. म्हणून वायरी भिंतीवरच्या केसिंग पट्टीत घाला, उरलेल्या वायरी उभ्या चिरलेल्या लवचिक पाइपमध्ये कोंबा आणि टीव्हीमागची वाट फळी लावून बंद करा. कडू चवीच्या स्प्रेवर विसंबू नका. काही ससे तो चाटून घेतात आणि पुन्हा कामाला लागतात.

[दृश्य : सोफ्याचा कोपरा, कापडावर नखांच्या समांतर रेघा.]

इथे दातांचं काम कमी, पंजांचं जास्त. हे खणणं आहे. जगातले सगळे पाळीव ससे स्पेन-पोर्तुगालकडच्या एकाच रानटी जातीचे वंशज आहेत, आणि ती जात कळपाने बिळं खणून राहते. आपल्या माळरानावरचा रानससा वेगळा. तो बिळं करत नाही, गवतातल्या खळग्यात दबून बसतो. वन्यजीव कायद्याने त्याला पाळायला बंदी आहे, तेव्हा शेतात सापडलेलं पिल्लू घरी आणू नका.

खणण्यात मादी जास्त पुढे असते, कारण पिल्लांसाठी बीळ तीच करते. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास ससा वयात येतो, आणि शांत वाटणारं पिल्लू अचानक पायांभोवती गोल गोल धावू लागतं, पडद्यावर मुताचे फवारे मारतं, प्रत्येक वस्तूवर हनुवटी घासतं. हनुवटीखाली गंधग्रंथी असते. हे माझं, असं ते सांगत असतं. घरच्यांना वाटतं, लाडाने बिघडला. बिघडलेला नसतो, मोठा झालेला असतो.

नसबंदीने यातलं बरंच निवळतं. मादीसाठी ती जास्तच गरजेची, कारण वय वाढतं तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. पण डॉक्टर सशांची शस्त्रक्रिया नेहमी करणारे हवेत. त्यांना एक प्रश्न विचारा : आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? कुत्र्या-मांजरांना ठेवतात. सशाला उलटी होत नाही आणि रिकामं पोट त्याला सोसत नाही, त्यामुळे त्याला तसं ठेवत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर वागणं बदलायला काही आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस नरालाही मादीपासून दूर ठेवावं लागतं.

खणायची ओढ तरीही पूर्ण जात नाही, जाऊही नये. एखादं मोठं खोकं किंवा पसरट टब घ्या, जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्यांनी भरा, तळाशी थोडी कोथिंबीर लपवा. हा टब बाल्कनीत नेऊन ठेवण्यात अर्थ नाही. ससा जिथे खणतोय त्याच कोपऱ्यात, सोफ्याला चिकटून ठेवा.

[दृश्य : पिंजऱ्याचे गज, त्यावर दातांच्या खुणा.]

आणि हे गज. इथे दोष पिंजऱ्याचा आहे. दुकानात सशाबरोबर जो पिंजरा गळ्यात मारला जातो त्यात त्याला दोन उड्याही मारता येत नाहीत. खाली जाळी असेल तर पायांना जखमा होतात, कारण सशाच्या तळव्यांना मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. अशा पिंजऱ्यातला ससा गज चावतो, आणि संध्याकाळी तासभर सोडला की दिवसभराची कसर घरावर काढतो. त्यापेक्षा खोलीच्या एका भागाला जाळीचं कुंपण करा. तिथे जागा हवी, लपायला खोकं हवं आणि चघळायला सदैव गवत हवं.

गवताचं महत्त्व सांगावं तेवढं थोडं आहे. वाटीभर दाणेदार खाद्य ससा काही मिनिटांत संपवतो, मग दिवसभर तोंड रिकामं. सुकं गवत मात्र तो तासन् तास चावतो. दात त्यानेच झिजतात, पोटही त्यानेच चालतं. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग लागतो. वैरण विकणाऱ्यांकडून आणत असाल तर बुरशी, धूळ आणि फवारणी यांची चौकशी करा. लसूणघास (अल्फाल्फा नावाचा चारा) पिल्लांना चालतो. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. कुरतडायला पेरूच्या, तुतीच्या काटक्या द्या, बांबूचा तुकडा द्या. कण्हेर आणि मनीप्लांट त्याच्या आवाक्याबाहेर हवेत.

ओरडणं, चापट मारणं तर नकोच. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. घाबरला की तो एवढंच शिकतो की तुमच्यापासून पळायचं. झटापटीत त्याचा कणाही मोडू शकतो. सोफ्यापाशी सापडला तर शांतपणे टबाकडे वळवा, आणि तिथे खणू लागला की लगेच एखादं पान द्या.

[दृश्य : गालिच्याची उसवलेली कड.]

शेवटी हा गालिचा. याचे धागे पोटात गेले तर आतडं तुंबू शकतं. लाळ गळू लागली, ससा गवताकडे जाऊन तोंड न लावता परतू लागला, तर दात तपासून घ्या. आणि बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघत बसू नका. रात्री सशाला तपासणारा दवाखाना कोणता, हे ससा घरी आणायच्या आधीच विचारून ठेवा.