पान तेच, ओळ तीच

मंडळी, कामाच्या थकव्याने वाचन सुटलं की काय होतं बघा. डोळे ओळीवरून सरकत असतात आणि परिच्छेद संपल्यावर लक्षात येतं, आत काहीच गेलेलं नाही. पुन्हा वरून सुरुवात. तिसऱ्या खेपेला हात फोनकडे जातो. मग आपण म्हणतो, आवडच गेली. आवड जात नाही हो. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यात धरून ठेवावी लागते आणि पिळून निघालेल्या डोक्यात ती टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिळून निघण्याची, तीन लक्षणं मांडली: त्राण संपणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. हे तिसरं वाचनाला फार नडतं. ते भरून काढायला माणूस 'वर्षाला पन्नास पुस्तकं' असा संकल्प करतो. म्हणजे नाशकातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर टार्गेट, घरी आल्यावरही टार्गेट!

पहिले पंधरा दिवस नवं पुस्तक घेऊच नका. पूर्वी आवडलेलं एखादं काढा. त्यातली माणसं ओळखीची असतात, नावं-नाती लक्षात ठेवायची कटकट नसते. रोज दहा मिनिटं, तीही सकाळच्या चहाबरोबर. रात्री अंथरुणात वाचायला घेतलं की झोप येते आणि आपण पुस्तकाला कंटाळवाणं ठरवतो. गजर घड्याळाचा लावा. फोन नुसता पालथा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा. गजर झाला की थांबायचं, रंगात आलं असेल तर नक्कीच. उद्या पुन्हा बसायला ओढ राहते. ओळी निसटायला लागल्या तर अर्धं पान मोठ्याने वाचा. जीभ डोळ्यांइतकी पळत नाही, मनाला तिला गाठता येतं.

मग जुने दिवाळी अंक. १९०९ पासूनची ही परंपरा अशा वाचकासाठी सोयीची आहे: कथा, ललित, व्यंगचित्रं, एका बैठकीत संपणारी. 'कधीपासून राहिलीय' म्हणून ठेवलेली जाडजूड कादंबरी आत्ता नको. ताण घालवण्याची पुस्तकंही नकोत, तो गृहपाठच.

पण दोन आठवड्यांहून अधिक काळ गाणं, जेवण, माणसं, कशातच मन लागत नसेल, तर हा वाचनाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

राहिलं पुस्तक आणायचं कुठून. विकत घेतलेलं पुस्तक पैसे वसूल करायला लावतं, म्हणून सध्या वाचनालय बरं. नाशकात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. फक्त पुस्तकात परतीच्या तारखेची चिठ्ठी असेल, तर ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि चिठ्ठीवर कागद लावून टाका, नाहीतर तीही डेडलाइन होते. विसाव्या पानावर कंटाळा आला तर खुशाल परत करा. 'पूर्ण वाचलंत का?' असं काउंटरवर कुणी विचारत नाही.