चित्रात न दिसणारी हडसन

नमस्कार मंडळी. मागे पुरणपोळीचा वास सुटलाय, त्यामुळे थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या काठी राहून पोकिप्सीच्या व्हासर कॉलेजचं कलादालन पाहिलं नसेल, तर जरूर पाहा.

मॅथ्यू व्हासर हा बिअरच्या धंद्यात श्रीमंत झालेला माणूस. 1861 साली त्याने मुलींसाठी कॉलेज काढलं आणि मूळ आराखड्यातच कलादालनाला जागा ठेवली. 1864 मध्ये मॅगून नावाच्या पाद्र्याचा चित्रसंग्रह विकत घेतला. त्यात ‘हडसन रिव्हर स्कूल’ची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांच्या एका परंपरेची, निसर्गचित्रं आहेत. डोंगर, ढग, संथ पाणी. त्याच काळात या खोऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने होते, वीटभट्ट्या होत्या, काठाने आगगाडी धावत होती. असल्या चित्रांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

म्हणून नाक मुरडू नका. पुढे निसर्गाचं सौंदर्य टिपणाऱ्या याच नजरेने नदी वाचवली. 1962 मध्ये कॉन एडिसन या वीजकंपनीने नदीकाठचा स्टॉर्म किंग डोंगर पोखरून वीजप्रकल्प उभारायचं ठरवलं. निसर्गसौंदर्यासाठीही नागरिकांना दाद मागता येते, हे 1965 मध्ये न्यायालयाने मान्य केलं आणि 1980 मध्ये तो प्रकल्प बारगळला. दुसरा एक अणुवीजप्रकल्प तर याच परंपरेतल्या फ्रेडरिक चर्च या चित्रकाराच्या ‘ओलाना’ या घरातून दिसणारा देखावा बिघडवेल म्हणून अडला. शंभर वर्षांपूर्वीची चित्रं अशी साक्षीला आली!

पण पीसीबी हे विषारी रसायन डोळ्यांना दिसत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून ते 1977 पर्यंत, सुमारे तीस वर्षं, नदीत जात राहिलं. तीनशेहून अधिक किलोमीटरचं पात्र बाधित ठरलं. 2009 ते 2015 दरम्यान गाळ उपसावा लागला. आपल्या मुळा-मुठेवरचा फेस आणि जलपर्णी निदान दिसते तरी. इथे पाणी चित्रातल्यासारखंच चकाकतं, आणि पोकिप्सी शहर तेच पाणी शुद्ध करून पितं.

माझ्या मते नदीकाठच्या दालनाने या चित्रांशेजारी गाळाचा नमुना आणि माशांच्या तपासणीचा अहवालही टांगावा. मग ते दालन राहणार नाही, प्रयोगशाळा होईल, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

मालवणी मंडळींना एक सूचना: हडसन फॉल्सपासून ट्रॉयच्या धरणापर्यंत गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा असतो, तिखला करायला घरी न्यायचा नाही. दालनाला तिकीट नाही. यायचं असेल त्यांनी जेवताना माझ्याकडे नावं द्या.