कौल कुणाचा?

देवळात कौल लावायचा तर घाई चालत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मानकऱ्यांसकट सगळा गाव टक लावून बसतो. उजवीकडची पडली की उजवा कौल, काम धरायला हरकत नाही. डावी पडली तर थांबायचं. कधी कधी तासभर एकही पाकळी हलत नाही.

अमेरिकेतही बड्या नेमणुकांना असाच कौल लागतो. पाकळ्या म्हणजे सिनेटचे, तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे, 100 सदस्य. राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, वरिष्ठ अधिकारी यांची नावं राष्ट्राध्यक्ष सुचवतात, पण नेमणूक होते ती सिनेटच्या ‘सल्ला आणि संमती’नं. समितीपुढे जाहीर सुनावणी, जुनं बोललेलं-लिहिलेलं उकरून काढणं, मग मतदान.

पाकळी अडकली की काय होतं, ते दिल्लीनं पाहिलंय. भारतातल्या राजदूतपदासाठी एरिक गार्सेटी यांचं नाव जुलै 2021 मध्ये पुढं आलं. लॉस एंजेलिसचे महापौर असताना एका सहकाऱ्याच्या गैरवर्तनाकडे त्यांनी डोळेझाक केली, असा आक्षेप निघाला. त्यांनी तो नाकारला. मतदान झालं 15 मार्च 2023 ला, 52 विरुद्ध 42. तोवर दोन वर्षांहून जास्त काळ दिल्लीत अमेरिकेचा पूर्णवेळ राजदूत नव्हता. 2016 मध्ये ओबामांनी न्यायाधीशपदासाठी सुचवलेल्या मेरिक गारलँड यांची तर सुनावणीच झाली नाही. गाऱ्हाणं घालायलाच कुणी उभं राहिलं नाही म्हणा ना!

आपल्याकडे राजदूत सरकार नेमतं, संसदेला विचारावं लागत नाही. न्यायाधीशांची गोष्ट मात्र कोकणातल्या एका गावावरून जाते.

हे आंबडवे, तालुका मंडणगड. बाबासाहेबांचं मूळ गाव. आंबडवेकरचं आंबेडकर पुढं शाळेत झालं. 24 मे 1949 ला संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा होती. कुणी म्हणालं, संसदेच्या दोन तृतीयांश मतांची मोहोर हवी. कुणी वरच्या सभागृहाचा सल्ला मागितला, कुणी सरन्यायाधीशांच्या संमतीचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी तिन्ही सूचना बाजूला सारल्या. अमेरिकेची पद्धत त्यांना किचकट वाटत होती, शिवाय तिच्यात राजकीय दबाव शिरायला वाव होता. आणि सरन्यायाधीश कितीही मोठे असले, तरी माणूसच. सामान्यांचे राग-लोभ त्यांनाही सुटत नाहीत. म्हणून नेमणूक राष्ट्रपतींनी करावी, न्यायाधीशांशी विचारविनिमय करून, असा मधला मार्ग त्यांनी धरला.

1993 च्या निकालानं न्यायालयानंच पारडं आपल्याकडे झुकवलं आणि कॉलेजियम आलं, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवी नावं ठरवायची. संसदेनं 2014 मध्ये, या निवडीत सरकारलाही जागा देणाऱ्या न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा केला. 16 ऑक्टोबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक मतानं रद्द केला. सरकार एखादं नाव परत पाठवतं, फाइल दाबूनही ठेवतं. तरी नाव काढणारेही न्यायाधीश आणि शेवटचा कौल देणारेही तेच. गावात असं झालं असतं, तर मानकऱ्यांनी गुरवाला धारेवर धरलं असतं.

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसाला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं. पहाटेची एसटी आंबा घाट चढते. मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरलेला पक्षकार पोचल्या पोचल्या बोर्डावर आपला नंबर शोधतो. वर न्यायमूर्तींचं नाव छापलेलं असतं. ते तो पहिल्यांदाच वाचत असतो.