माकडहाडावरची गाठ

नमस्कार श्रोतेहो. बाळ जन्मतं, रडतं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि पाठ पुसायला म्हणून सिस्टर त्याला पालथं करते, तर ढुंगणाच्या फटीशी मुठीएवढी गाठ. मग माहेरची आणि सासरची मतं सुरू होतात. कुणी ग्रहणाचं नाव काढतं, कुणी बिब्ब्याचं. बिब्ब्याने नवजात बाळाची कातडी भाजते, एवढंच त्याबद्दल सांगतो. ग्रहणाचा तर काही संबंधच नाही.

अशी गाठ दिसली की ती केवढी आहे यापेक्षा आधी कुठे आहे ते बघायचं. डोक्यावरची पसरट सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. तीच सूज कवटीच्या एका हाडापुरती थांबली असेल तर आत रक्त साकळलेलं असतं. ते विरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढ्यात काविळीवर नजर ठेवायची. मानेच्या बाजूला मऊ गाठ असेल आणि अंधारात टॉर्च टेकवल्यावर ती लाल उजळत असेल, तर बहुधा ती लसिकावाहिन्यांची, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची गाठ. तिची भीती श्वासाची. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला की ती एका रात्रीत फुगते. बऱ्याचदा कापाकापी न करता सोनोग्राफीत बघून आत इंजेक्शन देऊन ती आक्रसवतात. नाकाच्या मुळाशी असलेली आणि रडताना फुगणारी गाठ मेंदूच्या आवरणाशी जोडलेली असू शकते. तिचा तुकडा तपासणीला घ्यायची घाई कुणीही करू नये, डॉक्टरांनीही.

आता पाठीकडे वळू. गाठ कंबरेच्या मध्यावर असेल, तिच्यावर कातडीऐवजी पातळ पापुद्रा असेल आणि पाय नीट हलत नसतील, तर मज्जारज्जूचा दोष धरून चालायचं. गाठ त्याच्या खाली, माकडहाड आणि गुदद्वार यांच्या मध्ये असेल, गुदद्वार पुढे ढकललं गेलं असेल आणि पाय झकास हलत असतील, तर ती बहुधा टेराटोमा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी एकत्र वाढून झालेली गाठ. साधारण 35 ते 40 हजार जन्मांत एक, आणि मुलींमध्ये तिपटीहून अधिक. यातलं काहीही असलं तरी सुई टोचायची नाही. पहिल्या गाठीत सुईने मेंदूज्वर होतो, दुसरीत रक्तस्राव. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर, त्यातलं चहाच्या कपाचा अर्धा भाग गेलं तरी बाळ गळून जातं.

गरोदरपणी 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत ही माकडहाडाची गाठ दिसली, तर बाळंतपण कुठे करायचं ते तेव्हाच ठरवा. देवगड-मालवणकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ, मंडणगड-दापोलीकडच्यांना मुंबई. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर बहुतेक वेळा सिझेरियनच करतात. जन्माच्या वाटेत ती फुटली तर रक्त थांबवणं कठीण.

गाठ जन्मानंतरच कळली, तर 108 ला फोन करा. पावसाळ्यात घाटातून निघालात की खरा शत्रू गारठा. आईच्या उघड्या छातीवर बाळ पालथं ठेवा, डोक्याला टोपी, वरून चादर. ऊब मिळते आणि गाठीवर दाब येत नाही. कातडी फाटली असेल तर सलाईनने ओलं केलेलं निर्जंतुक गॉज आणि त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक. हळद, राख, तेल यातलं काही नको.

हॉस्पिटलात गुदद्वारातून बोट घालून तपासतात, कारण बाहेर लिंबाएवढी दिसणारी गाठ आत ओटीपोटात शिरलेली असू शकते. मग सोनोग्राफी, एमआरआय आणि अल्फा-फिटोप्रोटीनची रक्ततपासणी; हे रक्तातलं एक प्रथिन, कॅन्सरच्या गाठीत ते वाढू शकतं. हा आकडा नवजात बाळात मुळातच हजारोंच्या घरात असतो. लॅबच्या कागदावरची मोठ्यांची मर्यादा बघून कॅन्सर झाला म्हणून रडू नका. जन्मतः बहुतेक गाठी साध्या असतात. दोन महिन्यांनंतर मात्र कॅन्सरचं प्रमाण झपाट्याने चढतं, म्हणून ‘सव्वा महिना होऊ दे, मग बघू’ हे इथे चालत नाही.

ऑपरेशनात बाळ पालथं असतं. उलट्या व्ही आकाराचा छेद घेतात, गाठीला रक्त पुरवणारी मधली धमनी आधी बांधतात आणि गाठीबरोबर माकडहाडही काढतात. त्यावर घरचे हमखास अडतात: हाड कशाला? अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रॉस यांनी 1951 मध्ये दाखवून दिलं, की हाड मागे ठेवलं तर गाठ 37 टक्क्यांपर्यंत परत येते. त्या हाडावाचून मुलाचं बसणं-चालणं अडत नाही. नंतर काही दिवस बाळ पालथंच ठेवतात, कारण शी लागली की टाके चिघळतात.

घरी आल्यावर तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी आणि गुदद्वारातून बोटाने तपासणी. अल्फा-फिटोप्रोटीनचा आकडा उतरत उतरत साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत मोठ्यांइतका व्हायला हवा. उतरता उतरता पुन्हा चढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघायचं. पोट साफ होत नसेल किंवा लंगोट थेंबथेंब सतत ओला राहत असेल, तर तेही सर्जनना सांगा. लघवीच्या नसांवर ताण आला असेल तर तो मूत्रपिंडाला इजा होण्याआधी पकडता येतो.