टोला चुकतो म्हणून घड्याळ फुंकून टाकू नका

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर असो, निपाणी असो, नाहीतर बेळगावातलं शहापूर असो, जुनं घर उतरवायला घेतलं की माळ्यावरून एकेक वस्तू खाली येते. टोल्याचं घड्याळ, शिसवी आरामखुर्ची, चिनी मातीच्या बरण्या, काचेच्या फ्रेममधली लक्ष्मी. तोवर दारात कुणीतरी टेम्पो लावून उभा असतो आणि सगळ्याचा मिळून एक आकडा सांगतो. आज बोलायचं आहे ते त्या आकड्याबद्दल, आणि हीच वस्तू लिलावात गेली तर तिथं काय होतं त्याबद्दल.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, मी ती पुन्हा सांगणार आहे. दोषामुळे भाव पडतो त्यापेक्षा जास्त तो पडतो दोष कोणता ते माहीत नसल्यामुळे. बैलबाजारात बैल लंगडताना दिसला की गिऱ्हाईक पाऊण किंमत कापतं. खुरात काटा आहे एवढंच आहे, हे दाखवून दिलं तर तोच माणूस पाचशे कमी करून दावं हातात घेतो. जुन्या वस्तूचंही तसंच आहे.

आधी लिलावाचा हिशेब, थोडक्यात. आपल्याकडे यार्डात अडत कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. लिलावघरातही अडत असते, फरक इतकाच की ती दोन्हीकडून कापतात. समजा तुमच्या घड्याळावर 40,000 रुपयांना हातोडा पडला. घेणाऱ्याचं कमिशन 15 टक्के धरलं तर तो 46,000 मोजतो, वर कर वेगळा. तुमचं, म्हणजे विकणाऱ्याचं, कमिशन 10 टक्के धरलं तर तुमच्या हातात 36,000 येतात, आणि त्यातून फोटो, वाहतूक, विमा जातो. टक्के प्रत्येक लिलावघराचे वेगळे असतात, म्हणून वस्तू सोपवायच्या आधी दोन्ही आकडे कागदावर घ्या. आणि राखीव किंमत ठरवून घ्या. आपण तिला सरकारी बोली म्हणतो. तिच्या खाली बोली थांबली तर वस्तू तुमच्याकडे परत येते. तशी परत आली तर काही खर्च द्यावा लागतो का, तेही त्याच वेळी विचारा. घेणाऱ्यासाठी एक अट बहुतेक ठिकाणी असते, जसं आहे तसं, जिथं आहे तिथं. हातोडा पडल्यावर तक्रार चालत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी जा, बॅटरी आणि भिंग घेऊन जा.

आता घड्याळाकडे येतो.

खानापूर तालुक्यातल्या एका घरात सोप्यावर अमेरिकन टोल्याचं घड्याळ होतं, अन्सोनियाचं. त्या कंपनीचा कारखाना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला होता आणि 1929 मध्ये तिची यंत्रसामग्री रशियाला विकली गेली, त्यामुळे त्यानंतरचं अन्सोनिया त्या कारखान्यात बनलेलं असू शकत नाही. तबकडीवर दोन भोकं. समोर उभं राहिलं की बहुतेक घड्याळांत उजवं भोक चालण्याच्या चावीचं, डावं टोल्यांच्या चावीचं. आठ दिवसांनी एकदा चावी, हे तुमच्या घरीही झालेलं असेल.

त्या घड्याळाला थोरल्या भावाने दसऱ्याला तेल दिलं. कुठलं? घरातलं खोबरेल. दोन महिने घड्याळ उत्तम चाललं. मग डिसेंबर आला. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 15 च्याही खाली उतरतो. अंघोळीच्या वेळी बाटली चुलीजवळ ठेवावी लागते, ती याच दिवसांत. बाटलीत जे होतं तेच चाकांच्या अक्षांच्या टोकांना झालं. घड्याळ मध्यरात्रीनंतर थांबायचं. सकाळी ऊन सोप्यावर आलं की लंबकाला हात लावताच पुन्हा चालायचं. घरात म्हणायला लागले, हे रात्रीचं झोपतं.

रोज सकाळी कुणीतरी काटा फिरवून वेळ लावायचा. घाईत, भराभर. आणि इथंच दुसरी गडबड झाली. या जातीच्या घड्याळात टोल्यांची मोजणी काट्यांना बांधलेली नसते. मागं एक खाचांचं चाक असतं. पहिली खाच जवळ, पुढची लांब, त्याच्या पुढची आणखी लांब. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत चाक फिरतं तेवढे टोले पडतात. मिनिटकाटा बारावर आला की तो फक्त इशारा देतो, ठोक. किती ठोकायचे ते चाक ठरवतं, आणि चाकाला काटा कुठं आहे हे कळत नाही. तीनचे टोले पडत असतानाच तुम्ही काटे फिरवून घड्याळ सातवर नेलात, तर चार, पाच, सहा, सात यांचे इशारे वाया जातात. पुढचा इशारा आठला मिळतो, आणि चाक इमानाने चार टोले देतं. पुन्हा सांगतो, काटा पुढं जातो, मोजणी मागं राहते.

असं करत करत त्या घरात पाच तासांचं अंतर पडलं. मग शिमगा आला, उन्हाळा लागला, खोबरेल पातळ झालं, घड्याळ रात्री थांबेनासं झालं, आणि अंतर पाचवर कायम राहिलं. काटा अगदी बरोबर, टोला पाचाने मागं. घरातल्या आज्जींना काटे दिसत नव्हते, त्यांचं सगळं टोल्यांवर चालायचं. त्यांनी हिशेब बसवून घेतला. चार पडले की नऊ. एक पडला की सहा, गाईचं दूध काढायचं. चुलीपुढं बसून बोटांवर पाच मिळवायच्या, आणि कधी चुकायच्या नाहीत.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला तीन भावांची वाटणी ठरली. जुनं सामान घेणारा आला. त्याच्यासमोर नवाचे चार पडले. तो म्हणाला, यंत्र गेलं, लाकडाचे आणि पितळेचे मिळून दीड हजार देतो. भाऊ कबूलही झाले असते. पण तिघांनी ठरवलं, बाहेर देण्याआधी घरातल्या घरात बोली लावू, दीड हजारावरून सुरू. धाकट्याची सून म्हणाली, आधी शहापुराहून घड्याळजींना बोलवा, मग बोला.

घड्याळजी आले. दार उघडून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, हे बिघडलेलं नाही, मोजणी चुकलीय. आज्जींनी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, चहा टाका, तेवढाच वेळ.

यंत्राच्या खाली डाव्या बाजूला एक बारीक तार लोंबत होती. कित्येक अमेरिकन घड्याळांत ती असते. ती बोटाने वर उचलून सोडली की काट्यांना हात न लावता पुढचे टोले पडतात. नुकतेच नऊ वाजून चार पडले होते. घड्याळजींनी तार उचलली, पाच पडले. उचलली, सहा. मग सात. मग आठ. मग नऊ. पाच वेळा उचलली, पस्तीस टोले पडले, अंगणातल्या पोरांनी मोठ्याने मोजले. आणि काम झालं.

तार नसेल तर? मिनिटकाटा बारावर येऊन टोले पडू द्या, पुरे पडू द्या. मग काटा हलक्या हाताने नऊच्या आकड्यापर्यंत मागं घ्या, पुन्हा बारावर आणा. पुढचे टोले पडतील. जुळेपर्यंत तसंच करा. काटा बाराच्या पुढं गेला असेल तर तो बारा ओलांडून मागं नेऊ नका, आतली पट्टी वाकते. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका.

दहाचे दहा पडले तेव्हा आज्जी चुलीपुढून म्हणाल्या, तीन वाजले आणि अजून जेवणाची पानं कशी घेतली नाहीत? त्यांना पुन्हा न मिळवता ऐकायला आठवडा गेला.

खोबरेलाचं काम मात्र चहाएवढ्यात झालं नाही. घड्याळजी यंत्र दुकानात घेऊन गेले. आधी दोन्ही स्प्रिंगा सैल केल्या. हे घरी करू नका, भरलेली स्प्रिंग सुटली तर बोट तोडते. मग यंत्र सुटं करून धुतलं आणि अक्षांची भोकं टोकदार काडीने आतून साफ केली. जोडून झाल्यावर घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर येईल इतकं एकेका भोकाला दिलं. चाकांच्या दातांना तेल नाही. दातांना तेल लागलं की धूळ बसते आणि धुळीने पितळ घासतं. तेल फक्त टोकांना, दातांना नाही.

मग बोली पुन्हा सुरू झाली. दीड हजारावरून निघालेलं घड्याळ धाकट्याने अकरा हजारांना घेतलं आणि दोन्ही भावांचे वाटे रोख दिले. त्याच घड्याळाला, त्याच भिंतीवर. लिलावघराच्या यादीत 'टोला नादुरुस्त' असं छापलं जातं तेव्हा त्यातली कितीतरी घड्याळं अशीच असतात. द्यायच्या आधी टोले जुळवा, आणि जुळवता येत नसतील तर निदान 'खाचांचं चाक, मोजणी चुकलेली' असं लिहायला सांगा.

घ्यायला जाल तेव्हा उलट बाजूने पाहा. यंत्र जुनं आणि पेटी नवी, अशी घड्याळं बाजारात फार आहेत. पेटीच्या आतल्या पाटावर बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली, किंवा यंत्राच्या मागचं लाकूड सगळीकडे एकाच रंगाचं दिसलं, तर शंका घ्या. जिथं यंत्र वर्षानुवर्षं बसलं तिथं त्याचा ठसा उमटलेला असतो. जपानी सेइकोशा घड्याळंही आपल्या घरांत बरीच आहेत. टोकियोचा तो कारखाना 1892 चा, तेव्हा त्याच्याआधीचं सेइकोशा कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बाकीचं आता भराभर.

लाकूड. खुर्ची उलटी करा. वरून सगळेच पॉलिश करतात, खालून कुणी करत नाही. शंभर वर्षांची म्हणून सांगतात आणि खाली अधिक चिन्हाचे स्क्रू आहेत, तर ते मागाहून घातलेले, कारण तसा स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला. दुरुस्ती म्हणजे गुन्हा नाही, पण ती सांगितलेली हवी. पायाशी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. आणि कृपा करून विकण्याआधी शिसवीला सॅंडपेपर मारू नका. साठ वर्षं हातांनी घासून आलेली झळाळी एका दुपारी जाते, आणि ती कुठल्याच पॉलिशने परत येत नाही.

चिनी माती. माठ घेताना टिचकी मारता ना, तशीच मारा. खणखणीत आवाज आला तर अखंड, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. मग बूड वाचा. नुसतं 'इंग्लंड' छापलं असेल तर वस्तू साधारण 1891 नंतरची, कारण त्या वर्षी अमेरिकेने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'निप्पॉन' असेल तर सर्वसाधारणपणे 1891 ते 1921. त्यानंतर 'जपान' दिसतं. स्फिंक्सचं चित्र आणि पेट्रुस रेगू हे नाव दिसलं तर ते हॉलंडच्या मास्ट्रिख्टचं. लोणच्याच्या बरण्या मात्र मी म्हणेन विकू नका. कैरीचं लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात घालायचं आणि बरणीत सुकी फुलं लावून ती दिवाणखान्यात ठेवायची, हे मला पटत नाही. बरणी लोणच्यासाठी आहे, आणि बरणीतल्या लोणच्याची चव डब्यातल्याला नाही.

चित्रं. घरातली लक्ष्मी-सरस्वती 'ओरिजिनल रविवर्मा' म्हणून पुष्कळ जण आणतात. बहुतेक वेळा तो छाप असतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंगातून पाहा. जुन्या शिळाछापात रंगाचे दाणे वेडेवाकडे, एकावर एक दिसतात. आजच्या छपाईत ठिपके ओळीत, जाळी लावल्यासारखे दिसतात. जुन्या छापालाही चांगला भाव येतो, पण कडा कापलेल्या नसाव्यात, कारण छापखान्याचं नाव त्या कडेवर असतं. फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कात्री लावणारे आहेत, आणि त्या एका कात्रीने निम्मा भाव जातो. खानापूरकडच्या पावसात फ्रेम ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागं खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते.

कायद्याचं दोन शब्दांत. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षांवरच्या कलावस्तू, आणि महत्त्वाची हस्तलिखितं 75 वर्षांवरची, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जुन्या मूर्ती आणि हाताने रंगवलेली जुनी चित्रं यांची नोंदणी लागते. रविवर्म्यांची मूळ चित्रं वय न पाहताही बाहेर जात नाहीत. हस्तिदंताचा व्यवहार करूच नका. आणि पाया खणताना हंडा, नाणी असं काही निघालं तर कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शेवटी, घड्याळ लिलावाला पाठवायचं ठरलंच तर लंबक आधी काढा. आधी लंबक. तो तसाच ठेवून जांबोटीच्या रस्त्याने गाडी गेली की लंबक आत आपटतो, ज्या पातळ पत्तीवर तो टांगलेला असतो ती मोडते आणि पुढची काच फुटते. लंबक जुन्या सुती कापडात वेगळा गुंडाळा, चावी दोऱ्याने त्यालाच बांधा, टोल्याच्या हातोडीखाली कापडाची घडी सरकवा, आणि घड्याळ उभं ठेवूनच न्या, आडवं नाही.